अकरा रात्री आणि आठ मुक्काम: दक्षिण आफ्रिकेचा बेत जरा सैल करा

नाशिकच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते:

"येत्या मार्चअखेर मी बँकेतून निवृत्त होतेय. मे महिन्यात आम्ही सहकुटुंब दक्षिण आफ्रिकेला जायचं ठरवलंय. मी, माझे मिस्टर (वय ६३, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं), मुलगा, सून आणि पाच वर्षांची नात. सुनेला जंगल हवंय, मुलाला समुद्राकाठच्या रस्त्यांनी गाडी चालवायचीय, ह्यांना गांधीजी आणि मंडेलांच्या जागा बघायच्यात. मला विचाराल तर मला सगळंच हवंय, कारण परत जाणं होणार नाही. एजंटने अकरा रात्रींचा बेत दिलाय: जोहान्सबर्ग १, सन सिटी १, क्रूगर १, नाइस्ना १, औट्सहूर्न १, केप टाउन ३, डर्बन १, व्हिक्टोरिया फॉल्स २. कागदावर छान वाटतं, पण वाचतानाच दम लागतो. आम्ही दोघींनी शाकाहार सोडलेला नाही. नातीसाठी मलेरियाची भीती वाटते. सुरक्षिततेबद्दल ऐकतो तेही बरं नसतं. काय ठेवावं, काय गाळावं?"

ताई, निवृत्तीबद्दल मनापासून अभिनंदन.

"परत जाणं होणार नाही" हे वाक्य मी आधी घेते, कारण एजंटचा सगळा बेत त्याच एका वाक्यावर उभा आहे. परत जाणं होणार नाही म्हणून सगळं बघून घ्यायचं, असं तुम्ही म्हणता. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. परत जाणं होणार नसेल तर जे बघाल ते नीट बघा, कारण राहिलेलं बघायला दुसरी फेरी नाही. अकरा रात्रींत आठ मुक्काम म्हणजे जवळजवळ रोज बॅगा भरायच्या, रोज खोलीच्या चाव्या परत करायच्या, आणि दर दोन दिवसांनी विमानतळावर रांगेत उभं राहायचं. पाच वर्षांची नात आणि ऑपरेशन झालेला गुडघा, दोघांचेही यात हाल होतील.

आता गाळण्याचं बोलू. व्हिक्टोरिया फॉल्स दक्षिण आफ्रिकेत नाही, तो झिंबाब्वे आणि झांबियाच्या सीमेवर आहे. त्याचा वेगळा व्हिसा, आणि तिथून परत दक्षिण आफ्रिकेत यायचं तर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसाही अनेक वेळा प्रवेशाचा लागतो. तो काढून टाका. सन सिटी हे करमणुकीचं संकुल आहे, त्यासाठी इतक्या लांब जायची गरज नाही. नाइस्ना आणि औट्सहूर्न हे गार्डन रूटवरचे थांबे. मॉसेल बे ते स्टॉर्म्स रिव्हर हा जवळपास दोनशे किलोमीटरचा किनारी पट्टा अतिशय सुंदर आहे, पण त्याला स्वतःचे चार-पाच दिवस द्यावे लागतात. दोन रात्रींत तो फक्त गाडीच्या काचेतून दिसेल. मुलाला समजावून सांगा, त्याची गाडी चालवायची हौस दुसरीकडे भागेल. डर्बन गाळताना मला खरोखर वाईट वाटतं. १८६० पासून तिकडे गेलेल्या गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या, वंशजांचं ते शहर, शाकाहारी माणसाला सगळ्यात सोयीचं. पण एका रात्रीसाठी दोन विमानं करण्यात अर्थ नाही.

उरलं काय? जोहान्सबर्ग २, क्रूगरच्या वाटेवरचं ग्रासकॉप १, क्रूगरचं जंगल ४, केप टाउन ४. रात्री तेवढ्याच अकरा, मुक्काम मात्र पाचच, क्रूगरमधले दोन धरून.

मे महिना तुम्ही शाळेच्या सुट्टीमुळे निवडला असेल, पण निवड चांगली आहे. तिथे ऋतू आपल्या उलट चालतात. मेमध्ये क्रूगरकडचा पाऊस संपलेला असतो, गवत वाळायला लागतं, झुडपं विरळ होतात आणि जनावरं पाणवठ्याकडे सरकतात. तिथल्या शाळांना त्या वेळी मोठी सुट्टी नसते, त्यामुळे गर्दीही कमी. केप टाउनचं मात्र वेगळं आहे. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि मेमध्ये त्याची सुरुवात होते. एखादा दिवस पावसात जाईल हे धरूनच चार रात्री सुचवतेय. सकाळी लवकर क्रूगरमध्ये चांगलीच थंडी असते. स्वेटर, कानटोपी बॅगेत तळाशी नको, हाताशी हवी.

आता क्रूगर. त्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्या बेताचा जीव तिथे आहे आणि एजंटने त्याला एकच रात्र दिली आहे.

हे राष्ट्रीय उद्यान जवळपास साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरचं आहे, उत्तर-दक्षिण साधारण साडेतीनशे किलोमीटर लांब. १८९८ मध्ये साबी नावाने राखीव झालेलं जंगल १९२६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. आपल्याला ताडोबाची सवय आहे: जिप्सी, गाइड, ठरलेली फेरी, ठरलेली वेळ. इथे तुम्ही तुमच्या गाडीने दिवसभर फिरू शकता. मुख्य रस्ते डांबरी आहेत, साधी गाडीही चालते. डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४० किलोमीटरची मर्यादा आहे. प्रत्यक्षात तुम्ही वीस-तीसच्या वेगाने जाल, तरच काही दिसेल. मुलाची गाडी चालवायची हौस भागेल असं मघाशी म्हटलं ते हेच. शिवाय गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात.

स्वतःची गाडी घ्यायला आणखी एक कारण आहे, आणि एजंटला हे माहीत असायला हवं होतं. उद्यानाच्या स्वतःच्या उघड्या सफारी गाड्यांत सहा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. नातीला तोपर्यंत सहा पूर्ण होणार नसतील, तर त्या फेऱ्यांच्या वेळी एका मोठ्या माणसाला तिच्याबरोबर कॅम्पवर थांबावं लागेल. आपल्या गाडीत ती अडचणच नाही. मूल झोपलं तर झोपलं, कंटाळलं तर परत फिरा.

चार रात्री दोन कॅम्पमध्ये विभागा. ग्रासकॉपहून ब्लाइड नदीच्या दरीच्या कडेकडेने उत्तरेला या, ऑर्पन फाटकातून आत शिरा आणि पहिल्या दोन रात्री साताराला राहा. हो, कॅम्पचं नाव आपल्या साताऱ्यासारखंच आहे. भोवती मोकळं माळरान आहे, सिंहांसाठी हा भाग नावाजलेला. पुढच्या दोन रात्री लोअर साबीला. दोन्हींमधलं अंतर शंभर किलोमीटरच्या आत आहे, पण तो पूर्ण दिवसाचा प्रवास समजा. मधे त्शोक्वानेला थांबा, तिथे खायला मिळतं आणि स्वच्छतागृहही आहे. जंगलात ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरता येत नाही, म्हणून ज्येष्ठांना हा हिशेब महत्त्वाचा. नकाशावर अशा जागांना आदल्या रात्रीच खुणा करा.

लोअर साबीच्या फाटकाबाहेर लगेचच सनसेट डॅम नावाचा पाणवठा आहे, अगदी रस्त्याला लागून. एक सकाळ किंवा एक संध्याकाळ फक्त त्याच्यासाठी ठेवा. इंजिन बंद करा, काच अर्धी खाली घ्या आणि गप्प बसा. पहिली पाच मिनिटं काहीच नाही असं वाटेल. मग पाण्यात जे काळे दगड वाटत होते त्यांतल्या एकाचे कान फडफडतील आणि तो पाणघोडा निघेल. काठावरचं लाकूड म्हणजे मगर. बगळे तिच्यापासून हातभर अंतरावर मासे टिपत असतात. पाण्यावर येणारे इंपाला (तिथली हरणं) एकदम येत नाहीत. एक पुढे होतो, थांबतो, मागे जातो, मग दुसरा. त्या कळपातल्या सगळ्या माना अचानक एकाच दिशेला वळल्या, तर तुम्हीही तिकडेच बघा. चितळाचा कॉल ऐकून वाघाचा माग काढणाऱ्या आपल्या लोकांना हे शिकवावं लागत नाही. नातीला एक छोटी दुर्बीण आणि वही द्या. जिराफाची जीभ कोणत्या रंगाची, झेब्र्याच्या शेपटीपर्यंत पट्टे जातात का, असे प्रश्न विचारत राहिलात तर ती मोठ्यांपेक्षा जास्त वेळ तग धरेल.

एका रात्रीचा मुक्काम यासाठीच नको. एका रात्रीत माणूस सिंह शोधतो, आणि सिंह दिसला नाही तर "काहीच दिसलं नाही" म्हणत परत येतो. तिसऱ्या दिवशी तोच माणूस शेणकिड्यासाठी गाडी थांबवतो. सिंह, बिबट्या, गेंडा, हत्ती आणि रानरेडा ही "बिग फाइव्ह"ची यादी मुळात शिकाऱ्यांची आहे, पायी शिकार करायला सर्वांत धोकादायक असलेल्या जनावरांची. तुम्ही ती पुरी करायला बांधील नाही. कॅम्पच्या स्वागतकक्षाबाहेर एक फळा असतो, त्यावर कोणाला कुठे काय दिसलं याच्या खुणा लोक लावतात. तो रोज संध्याकाळी बघा, पण त्याच्यामागे धावू नका.

हत्तीबद्दल मुलाला माझ्यातर्फे बजावून सांगा. रस्त्यात हत्ती आला की अंतर राखून थांबायचं, तो मान झटकू लागला किंवा कान पसरून वळला की सावकाश मागे यायचं. पिल्लू आणि आई यांच्यामधे गाडी कधीही घालायची नाही. फोटोसाठी पुढे जाणाऱ्या दुसऱ्या गाडीचं बघून जाऊ नका.

मे महिन्यात कॅम्पची फाटकं सकाळी सहाला उघडतात आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होतात. उशीर झाला तर दंड होतो. कॅम्पमध्ये माकडं आणि बबून फार धीट आहेत, उघड्यावर ठेवलेला डबा क्षणात जातो. त्यांना आणि कुंपणापाशी येणाऱ्या तरसांना काहीही खायला घालायचं नाही. नातीला हे आधीच समजावा.

मलेरिया. तुमची भीती रास्त आहे. क्रूगर मलेरियाच्या पट्ट्यात येतं. पावसाळ्याच्या महिन्यांत धोका जास्त, कोरड्या हिवाळ्यात कमी, आणि मे हा संधिकाल. म्हणून मेचा दुसरा पंधरवडा धरा, आणि जाण्याच्या दीड-दोन महिने आधी नातीच्या बालरोगतज्ज्ञांशी आणि तुमच्या डॉक्टरांशी बोला. प्रतिबंधक गोळी वय, वजन आणि चालू औषधं बघून ठरते, स्वतःच्या मनाने घेऊ नका. संध्याकाळी पूर्ण बाह्या, डासांचं मलम, मच्छरदाणी किंवा जाळीच्या खिडक्या. परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना "आफ्रिकेत मलेरियाच्या भागात होतो" हे पहिल्याच वाक्यात सांगा. डॉक्टर नातीसाठी नको म्हणाले, तर वाद घालू नका. जोहान्सबर्गहून दोन-अडीच तासांवर पिलानेसबर्ग आहे, एका प्राचीन ज्वालामुखीच्या कड्यांनी वेढलेलं, मलेरियामुक्त, आणि तिथेही हत्ती, सिंह, गेंडे आहेत. क्रूगरचा विस्तार तिथे नाही, पण नात निर्धास्त फिरेल.

विमानाचा मार्ग ठरवताना एक गोष्ट लक्षात असू द्या. स्वस्त तिकीट बऱ्याचदा अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असतं. ते देश पीतज्वराच्या यादीत आहेत. तिथे थांबा लांबला तर दक्षिण आफ्रिका लसीचा दाखला मागते, आणि येताना आपल्याकडेही त्यावरून अडवणूक होऊ शकते. ही लस साठीपुढच्या माणसांना सरसकट देत नाहीत. तुमच्या मिस्टरांचं वय पाहता आखाती देशांतून जाणारं तिकीट घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

आता तुमच्या मिस्टरांच्या गांधीजी-मंडेलांबद्दल. त्यासाठी जोहान्सबर्गच्या दोन रात्री पुरेशा आहेत. कॉन्स्टिट्यूशन हिलला अर्धा दिवस द्या. तिथल्या जुन्या तुरुंगात गांधीजी होते, मंडेलाही होते. त्याच आवारात आज देशाचं घटना न्यायालय उभं आहे, आणि पाडलेल्या तुरुंगाच्या विटा त्याच्या भिंतींत वापरल्या आहेत. भिंतीपाशी उभं राहून हात लावता येतो. मिस्टरांना हे कोणत्याही पुतळ्यापेक्षा जास्त आवडेल असं मला वाटतं. अपार्थाइड (वर्णभेद) म्युझियममध्ये मात्र ते आणि मुलगा दोघांनीच जावं, तिथली दृश्यं लहान मुलासाठी नाहीत. सोवेटोला स्थानिक वाटाड्या घेऊन सकाळच्या वेळात जाऊन या. विलाकाझी रस्त्यावर मंडेलांचं जुनं घर आहे, डेस्मंड टूटूंचंही.

आणि मिस्टरांना एक आठवण सांगा. १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले, केप टाउनला उतरले आणि गांधीजी सबंध दौराभर त्यांच्या सोबत राहिले. जोहान्सबर्गमधल्या कोकणी मुसलमान आणि मोजक्या मराठी हिंदूंच्या सभेत गोखल्यांनी मराठीत बोलावं असा गांधीजींनी आग्रह धरला आणि स्वतः हिंदुस्थानीत भाषांतर केलं, हे गांधीजींनीच लिहून ठेवलं आहे. रत्नागिरीकडून गेलेल्या कोकणी मुसलमानांचे वंशज केप टाउनमध्ये आजही आहेत.

सुरक्षिततेबद्दल मी गोड बोलणार नाही. मोठ्या शहरांत गुन्हेगारी आहे. अंधार पडल्यावर पायी फिरू नका, सिग्नलला थांबलेल्या गाडीत फोन आणि पर्स मांडीवर ठेवू नका, काच वर ठेवा. जोहान्सबर्गमध्ये स्वतः गाडी चालवायचीच नाही, ॲपवरून टॅक्सी मागवा. भाड्याची गाडी ग्रासकॉपला निघायच्या सकाळी घ्या आणि उजेड असेपर्यंतच चालवा. गाडीत सामान दिसेल असं ठेवून उतरू नका. एवढं पाळणारी बहुतेक कुटुंबं आनंदात फिरून येतात. मोठे दागिने मात्र नाशिकच्या लॉकरमध्येच राहू द्या.

क्रूगरहून जोहान्सबर्गला परत येऊ नका. स्कुकुझाच्या छोट्या विमानतळावरून केप टाउनला थेट विमान आहे. लोअर साबीहून तो तासा-दीड तासावर. गाडी तिथेच सोडता येते, दुसऱ्या ठिकाणी सोडण्याचा आकार किती हे आधी विचारा.

केप टाउनमध्ये एकच पक्का नियम: ज्या सकाळी टेबल माउंटन स्वच्छ दिसेल, त्या सकाळी बाकी सगळं सोडून वर जा. १०८५ मीटरचा हा डोंगर क्षणात ढगाखाली जातो आणि वारा सुटला की केबल कार बंद ठेवतात. गुडघ्याला त्रास नाही, वर सपाट वाटा आहेत. एक दिवस मुलाच्या हातात पुन्हा गाडी द्या: चॅपमन्स पीकच्या घाटाने केप ऑफ गुड होप, येताना सायमन्स टाउनजवळ बोल्डर्सला पेंग्विन. लाकडी फलाटावरून चालत ते अगदी जवळून दिसतात. आफ्रिकन पेंग्विनला २०२४ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरवलं गेलं, म्हणून नातीला त्यांना हात लावू देऊ नका, दगडामागे लपलेल्यांना हुसकू नका. रॉबेन बेटाचं तिकीट घरूनच काढा. मंडेला सत्तावीस वर्षांपैकी अठरा वर्षं तिथे होते. बोट, बस आणि कोठड्या मिळून साडेतीनेक तास जातात. समुद्र खवळला तर बोट रद्द होते, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या दिवसाचंच तिकीट घ्या.

खाण्याची काळजी तुम्हाला वाटते तितकी नाही. जोहान्सबर्ग आणि केप टाउनमध्ये भारतीय हॉटेलं आहेत. क्रूगरमध्ये स्वयंपाकघर असलेला बंगला घ्या: शेगडी, फ्रिज, भांडी असतात. तांदूळ, डाळ, भाजी, दही जोहान्सबर्गच्या सुपरमार्केटमधूनच घ्या. घरून मेतकूट, भाजणी, चटण्या, उपम्याची पाकिटं न्या, पण बंद आणि नाव छापलेली. ताजी फळं, भाज्या, बिया, मध आणि दुधाचे पदार्थ नेऊ नका, तिथे त्यांवर निर्बंध आहेत. आणि हो, तिथल्या जुन्या सॉकेटात आपली गीझरची जाड पिनांची मोठी प्लग बसते. तसा अडॅप्टर नाशिकमध्येच कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळेल.

एजंटला सोडायची गरज नाही. त्याला हा बेत द्या आणि लेखी भाव मागा. त्यात क्रूगरचं रोजचं प्रवेशशुल्क धरलंय का, हे विचारा. परदेशी प्रौढाला ते दिवसाला पाचशे रँडच्या वर आहे, आणि रँड साधारण पाच रुपयांच्या आसपास धरा. चार मोठ्यांचे चार-पाच दिवस म्हणजे किरकोळ रक्कम नाही.

पहिलं काम क्रूगरच्या बंगल्यांचं. उद्यानाचं आरक्षण सुमारे अकरा महिने आधी उघडतं आणि लोअर साबी लवकर भरतं. जागा नसेल तर स्कुकुझाचा कॅम्प बघा, आणि रद्द होणाऱ्या जागांसाठी रोज संकेतस्थळ उघडत राहा. मग व्हिसाचे कागद. त्यात नातीचा जन्मदाखला इंग्रजीत हवा. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका. मुलाने आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा आणि गाडीसाठी त्याच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड सोबत ठेवावं, नाहीतर काउंटरवर गाडी मिळत नाही.